होम केअर ब्युरो चालवताय? मग सिस्टर-मावशींच्या गाडीवरच्या प्रवासाचं आधी बघा

नाशकात होम केअरच्या ब्युरो आता गल्लोगल्ली झाल्यात, आणि पेशंटच्या घरी जाणाऱ्या सिस्टर, ब्रदर, मावशी बहुतेक स्वतःच्या टू व्हीलरवरच फिरतात. ड्रेसिंग, कॅथेटर, सुई टोचू नये म्हणून काळजी, या सगळ्याचं ट्रेनिंग आपण देतो पण दोन घरांच्या मधल्या रस्त्याचं कोणी बोलतच नाही. गाडी तिची असली तरी ती पळते आपल्या कामासाठी, त्यामुळे जबाबदारी आपल्यावर येतेच.

सगळ्यात आधी ड्युटी कशी लावता ते बघा, कारण घाई तिथेच तयार होते. सकाळी आठला नाशिकरोडला इन्सुलिन आणि साडेआठला गंगापूर रोडला ड्रेसिंग असं लावलं की मधे ट्रॅफिकने तुंबणारं द्वारका सर्कल आहे हे तुम्हालाही माहीत असतं, मॅप काहीही दाखवो, ती पोरगी सिग्नल तोडणार किंवा रॉंग साइडने घालणार. मग करायचं काय, तर आधी व्हिजिटचे दोन भाग पाडा. इन्सुलिन जेवणाआधी लागतं, अँटिबायोटिकचा डोस वेळेवरच द्यावा लागतो, या वेळा हलत नाहीत. ड्रेसिंग, स्पंजिंग, बीपी बघणं हे सहसा तासभर इकडेतिकडे झालं तरी चालतं, फक्त घरच्यांना आधीच "दहा ते अकराच्या दरम्यान येतील" असं सांगून ठेवायचं, नेमकी वेळ द्यायची नाही. आणि एरिया वाटून द्या, सिडको-अंबड-पाथर्डी फाटा एकीकडे, पंचवटी-म्हसरूळ-आडगाव दुसरीकडे, नाशिकरोड-जेलरोड-देवळाली कॅम्प तिसरीकडे. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ता कधी खोदलेला सापडेल नेम नाही, म्हणून दोन व्हिजिटमध्ये वेळ जरा सैलच ठेवा आणि त्या वेळेचे पण पैसे द्या, पेट्रोलचे वेगळे. व्हिजिटमागे पैसे आणि प्रवासाचे शून्य असलं की माणूस गाडी जोरात पळवणारच.

फोनचं पण तसंच. पेशंटचा मुलगा ऑफिसला फोन करतो "सिस्टर आल्या नाहीत अजून", की आपला कोऑर्डिनेटर लगेच तिला लावतो "ताई कुठे पोचलात?" आणि ती हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलत गाडी चालवते. हे बंदच करा. निघताना एक मेसेज, पोचल्यावर एक मेसेज, मधे ऑफिसने फोन करायचा नाही आणि उशीर झाला तर घरच्यांना ऑफिसनेच सांगायचं.

नाइट करून सकाळी आठला सुटलेल्या मावशीला "जाता जाता एक व्हिजिट करा ना" म्हणू नका, डोळ्यावर झोप असताना गाडी चालवणं फार वाईट. वीस किंवा जास्त कामगार असतील (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा होते) तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईमाणसाला तिच्या संमतीशिवाय काम देता येत नाही आणि सुरक्षित घरी सोडायची सोय पण करावी लागते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटाकडचे रस्ते टाळायला सकाळीच ग्रुपवर टाका.

आता कागदपत्रं. लायसन्स स्वतः बघा, विदाऊट गिअरचं लायसन्स असेल तर गिअरची बाइक चालत नाही. गाडी ब्युरोची असेल आणि बिनलायसन्सवाल्याला दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली मालकाला ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पेशंटच्या घरचे कधीकधी ब्रदरला म्हणतात "बाबांना डायलिसिसला आमच्या कारने घेऊन जा", तिथे कारचं लायसन्स आणि इन्शुरन्स बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. हेल्मेट आयएसआयचं, ब्युरोच्या खर्चाने. टायर, ब्रेक, हेडलाइट महिन्यातून एकदा ऑफिसबाहेरच बघून घ्या, ओढणी-पदर चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड, आणि बॅग खांद्याला लटकवण्यापेक्षा डिकीत.

इन्शुरन्सची एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. गाडीच्या पॉलिसीत जे १५ लाखांचं ओनर-ड्रायव्हर कव्हर असतं ते ज्याच्या नावावर गाडी त्यालाच, स्कूटी नवऱ्याच्या नावावर असेल आणि चालवते ती, तर तिला त्यातून काही मिळत नाही. म्हणून सगळ्यांची ग्रुप अपघात पॉलिसी काढाच, आणि सोबत पंतप्रधान सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपयांत २ लाख, त्याचा फॉर्म पण भरून घ्या. दहा माणसं झाली तर २१,००० पर्यंत पगारवाल्यांना ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतं, हॉस्पिटल सातपूरला आहे.

आणि "ती तर घरून निघाली होती, ड्युटीवर नव्हती" हे आता चालत नाही. धाराशिवकडच्या साखर कारखान्याचा वॉचमन ड्युटीला जाताना रस्त्यात अपघातात गेला होता, त्या केसमध्ये जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कामाशी संबंध दिसत असेल तर येण्याजाण्यातला अपघात पण भरपाईत बसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत पण तेच आहे.

अपघात झालाच तर १०८, नाहीतर ११२, मग ऑफिस, पेशंटकडे बदली कोण जाणार ते ऑफिसने बघायचं, तिचा त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. "गाडी घसरली पण लागलं नाही" हे पण वहीत लिहायला लावा, न ओरडता, आणि एकाच चौकाचं नाव दोनदा आलं की दुसऱ्या दिवसापासून रूट बदला.