साहित्य आणि सायन्स दोन्ही सांभाळताय? मग फेब्रुवारीची तयारी जानेवारीतच करा

नाशकात राहून दोन्हीकडे काम करणाऱ्याचा खरा कस फेब्रुवारीअखेर लागतो, कारण २७ ला कुसुमाग्रजांची जयंती म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, लगेच २८ ला विज्ञान दिन (१९२८ ला याच दिवशी सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या विखुरण्याबद्दलचा रामन परिणाम जाहीर केला), आणि शाळा-कॉलेजवाले फोन करतात आदल्या आठवड्यात! म्हणून दोन्ही भाषणं आधीच लिहून ठेवा आणि दिवसाला दोनच कार्यक्रम घ्या, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पंचवटीतून सातपूर गाठायचं म्हणजे अर्धा जीव जातो.

रोजचं म्हणाल तर सकाळी डोकं ताजं असताना गणित, डेटा, पेपर तपासणं उरका. ललित लेखन जेवणानंतर. लोक उलटं सांगतात, सांगू देत, पण पेंगत लिहिलेला खर्डा नंतर सुधारतो, पेंगत सोडवलेलं समीकरण छापून आल्यावर गळ्याशी येतं.

संदर्भाला सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं, फक्त यादी करून जा नाहीतर कपाटांपुढेच दुपार जाते. आवृत्ती, पान नंबर तिथल्या तिथे टिपा. वही दोन्ही विषयांना एकच, तारीख टाकून.

आणि प्रस्तावना मागणाऱ्याला ‘बघतो’ म्हणू नका, तो होच धरतो. तारीख द्या नाहीतर सरळ नाही सांगा.