जुनी व्हीटेक, नागपूरचं ऊन आणि एक वही

माझी गाडी २००१ सालची होंडा सिटी व्हीटेक. चार दरवाज्यांची, मागे बऱ्यापैकी मोठी डिकी, म्हणून कुणी तिला स्पोर्ट्स कार म्हणत नाही. पण १४९३ सीसीमधून १०६ बीएचपी काढणारं हे इंजिन पाच हजार आरपीएमच्या पुढे ज्या सुरात गातं, त्यासाठी मी तिला तेच म्हणते. गाडी बाबांची. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करते. स्पॅनर धरायला मी चाळिशीनंतर शिकले, त्यामुळे हे लिखाण मिस्त्रीचं नाही, मालकिणीचं आहे.

पहिल्या वर्षी मी भरपूर पैसे वाया घालवले. मे महिन्यात दुपारी गाडी सुरूच व्हायची नाही. स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. संध्याकाळी एका सेल्फमध्ये चालू. बॅटरी बदलली, प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, फ्यूएल पंपसुद्धा बदलला. शेवटी एक मिस्त्री म्हणाले, ‘‘ताई, गाडी म्हातारी झाली. काहून पैसे लावून राहिल्या? विकून टाका.’’

मग लॅबची सवय कामी आली. एक दोनशे पानी वही गाडीत ठेवली आणि गाडी रुसली की त्यात लिहायला लागले: किती वाजले, बाहेर किती तापमान, इंजिन गरम की थंड, गाडी किती वेळ आणि कुठे उभी होती, काचा बंद की उघड्या, किती वेळाने सुरू झाली. तुम्हीही पार्ट विकत घेण्याआधी ही वही घ्या. ‘काय बिघडलं’ हे आपल्याला कळत नसतं, पण ‘कधी बिघडतं’ हे नक्की लिहिता येतं.

तीन आठवड्यांत सात नोंदी झाल्या. सगळ्या दुपारी बारा ते चारमधल्या, सगळ्या उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या. सातवी नोंद महत्त्वाची निघाली. त्या दिवशी गाडी सकाळपासून हललीच नव्हती, म्हणजे इंजिन गरम व्हायचा प्रश्नच नव्हता, तरी सुरू झाली नाही. तापत होतं ते इंजिन नव्हे, आतली केबिन. मग दोष बॉनेटखाली कशाला शोधायचा?

त्या काळच्या होंडांमध्ये डॅशबोर्डखाली मेन रिले, म्हणजे विजेवर चालणारा एक स्विच, असतो. फ्यूएल पंपाला वीज तोच देतो. आतल्या सर्किट बोर्डावरचे डाग, म्हणजे सोल्डरचे सांधे, वर्षानुवर्षं तापून-थंडावून चिरतात. केबिन तापली की चीर उघडते, निवली की मिटते. तपासायला एक पैसा लागत नाही. एसीचा ब्लोअर, रेडिओ बंद करा, चावी ‘ऑन’वर फिरवा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा दोनेक सेकंद लागून विझला पाहिजे आणि तेवढाच वेळ मागच्या सीटखालून पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. दिवा विझला पण गुणगुण नाही, तर आधी रिलेवर संशय घ्या. चारही दरवाजे उघडे ठेवून वीस मिनिटं थांबा. गुणगुण परत आली तर संशय जवळजवळ पक्का.

मी रिले काढून इतवारीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे नेला. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि सांध्यांभोवतीची बारीक काळी रिंग मला दाखवली. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं, दीडशे रुपये घेतले. बदललेल्या त्या फ्यूएल पंपाची किंमत मी इथे लिहिणार नाही.

याच लक्षणाचा एक जुळा भाऊ आहे, इग्नायटर, म्हणजे स्पार्क पाडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. तो इंजिनावरच्या डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाच्या) आत बसतो, त्यामुळे तो रुसतो इंजिन तापल्यावर: तासभर गाडी चालते, मग सिग्नलला बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते. पंपाची गुणगुण व्यवस्थित येते, पण स्पार्क नसतो. अशा वेळी सेल्फ मारताना टॅकोमीटरकडे बघा. काटा जरासाही हलत नसेल तर इग्नायटर तपासायला सांगा. दोन्हींमध्ये तक्रार एकच, ‘गरमीत चालू होत नाही’, म्हणूनच वहीत केबिन आणि इंजिन वेगवेगळं लिहायचं.

चेक इंजिनचा दिवा कायमचा लागला तर घाबरू नका आणि लगेच कुणाच्या हाती गाडी देऊ नका. या गाडीच्या डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूला, कशालाच न जोडलेला एक छोटा दोन पिनांचा कनेक्टर लोंबतो. चावी बंद असताना त्याच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडा, मग चावी ऑन करा. दिवा लुकलुकायला लागेल. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि चार छोट्या म्हणजे चौदा. मला एकदा ‘ईसीयू (म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला, तीस हजार पकडा’ असं सांगण्यात आलं होतं. घरी येऊन मोजलं तर सहा छोट्या लुकलुकी. कोड ६ म्हणजे कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर. त्याची वायर उंदराने कुरतडली होती. वायर जोडून बॅटरीची निगेटिव्ह तार थोडा वेळ काढून ठेवली, कोड पुसला गेला, परत आला नाही. (तार काढण्याआधी स्टिरिओचा कोड माहीत असू द्या.)

आता इंजिन तापण्याबद्दल. नवतपा (मे अखेरचे नऊ तापते दिवस) लागला की पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि आपल्याकडचा आवडता उपाय सुरू होतो: ‘‘थर्मोस्टॅट काढून फेका.’’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. बाबांच्या काळात कुणीतरी तो काढलाच होता. परिणाम असा की थंडीत रिंग रोडवर तापमानाचा काटा वर येतच नसे. इंजिन अजून थंडच आहे समजून ईसीयू जास्त पेट्रोल सोडायचा, प्लग काळे पडायचे, अ‍ॅव्हरेज बसायचं. आणि उन्हाळ्यात फायदा काय, तर काही नाही. पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट पाणी अडवत नाही. गाडी तापत असेल तर कारण दुसरीकडे असतं.

ते शोधायलाही ‘कधी’ हाच प्रश्न. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला काटा चढतो आणि वर्धा रोडला लागताच उतरतो, तर फॅन बघा. उलट, शहरात ठीक आणि हायवेवर ऐंशी-शंभरला काटा चढतो, तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. आपल्या बोअरच्या जड पाण्याने ते होतंच. एसी लावला की पुढचे दोन्ही फॅन फिरले पाहिजेत. एसीत फिरतो पण इंजिन तापल्यावर रेडिएटरचा फॅन लागत नाही, तर फॅनच्या थर्मो स्विचचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांना वायर लावा, चावी ऑन ठेवून. फॅन फिरला तर मोटर, रिले, फ्यूज सगळं शाबूत, फक्त स्विच बदलायचा. बोटं मात्र पात्यांपासून लांब.

पाणी बदलताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हो, मे महिन्यातही. रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावरच उघडा, भरा, आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवून बुडबुडे निघू द्या. ही हवा अडकली की नवा रेडिएटरही बदनाम होतो.

बाकीचं थोडक्यात. टायमिंग बेल्टची (पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणाऱ्या पट्ट्याची) तारीख कागदोपत्री सापडत नसेल तर तो बदललाच नाही असं धरा. तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आणि हेड उघडावं लागतं. हे काम मी स्वतः करत नाही, क्रँक पुलीचा बोल्ट माझ्याच्याने सुटत नाही. फक्त मिस्त्रींना आठवण करून देते की हे इंजिन उलटं, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतं. गिअरबॉक्समध्ये ८०-९० चं जाड ऑइल ओतू देऊ नका. थंडीच्या सकाळी दुसरा गिअर पडेनासा होतो. होंडाचं पातळ एमटीएफच (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) हवं. इंजिन ऑइल कमी झालं तर व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) लागतच नाही, कारण ते सगळं ऑइलच्या दाबावर चालतं. म्हणून ‘पिकअप गेला’ वाटलं की आधी डिपस्टिक.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आमचे नागपूरचे खासदार त्याचे मोठे पुरस्कर्ते, पण २००१ सालच्या रबराला ते माहीत नव्हतं. मी टाकीपासून इंजिनापर्यंतचे पेट्रोलचे रबरी होज बदलून घेतले आणि दर महिन्याला सांध्यांपाशी नाक नेते. पेट्रोलचा वास आला तर गाडी जागची हलवत नाही.

आणि समृद्धीवर जायचं असेल तर टायरच्या नक्षीवर जाऊ नका, बाजूचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी कमी चालते, त्यामुळे नक्षी नवीकोरी आणि रबर कडक, असं हमखास असतं. ताशी १२० आणि तापलेलं काँक्रीट, त्या टायरवर नको.

शेवटी टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यातली बारीक फट (गॅप) नेमकी करणं. हे काम मी राखून ठेवते. होंडाचं मॅन्युअल म्हणतं, सिलिंडर हेडचं तापमान ३८ अंशांच्या खाली असतानाच गॅप मोजा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एप्रिल होता आणि रात्रभर उभ्या गाडीचं हेडसुद्धा सकाळी अकरा वाजता चाळिशी गाठत होतं. लॅबचा थर्मामीटर लावून पाहिलं. तेव्हापासून हे काम डिसेंबरात, कोवळ्या उन्हात. इनटेकला ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७. सिलिंडरांचा क्रम १-३-४-२, दरवेळी क्रँक अर्धा फेरा, पुन्हा सांगते, उलट्या दिशेने. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) किंचित ओढ लागून सरकला पाहिजे. लोणच्याच्या बरणीतून चमचा निघतो तेवढीच ओढ. टिकटिक आवाज येणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प बसलेल्याची जास्त काळजी घ्या. गॅप संपलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि आवाज न करता जळतो.

मागच्या डिसेंबरात सोळा व्हॉल्व्हपैकी तीन घट्ट निघाले, तिन्ही एक्झॉस्टचे. सेट केले, कव्हरला नवं गॅस्केट लावलं, फुटाळ्यापर्यंत चक्कर मारली. दुसऱ्या दिवशी कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात ऑइलचा एक थेंब होता. बोल्ट एका क्रमाने न आवळता मी घाईत कसेही आवळले होते. वहीत तेही लिहिलंय.