ब्रेस्ट बायोप्सी करताय? या चुका टाळा

छातीत गाठ लागली की आपल्या कोल्हापुरात, आणि गडहिंग्लज-चंदगडकडून येणाऱ्या बायकांमध्ये तर जास्तच, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सुई नको डॉक्टर, सुईनं पसरतंय, सरळ गाठच काढा." सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बायोप्सीच्या, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढायच्या, सुईनं कॅन्सर अंगभर पसरत नाही. उलट न तपासता गाठ कापली आणि ती कॅन्सरची निघाली तर कडेला रोग राहून गेलेला असू शकतो, परत ऑपरेशन लागतं आणि आधी केमो देऊन गाठ लहान करायची संधी हातची जाते.

नुसत्या एफएनएसीवर (बारीक सुईनं पेशी ओढून घ्यायची तपासणी) पण भागवू नका. त्यात सुट्या पेशी येतात, कॅन्सर दुधाच्या नळीतच आहे का बाहेर पडलाय ते कळत नाही. कोअर बायोप्सीत त्याहून जाड, साधारण 14 गेजच्या सुईनं अख्खे तुकडे निघतात, ईआर, पीआर (हार्मोनच्या) आणि हर-टू (एका प्रोटीनची) या उपचार ठरवणाऱ्या टेस्ट त्यावरच नीट होतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनानं बंद करू नका.

बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांसाठी एक. गन (सुई झटक्यात आत सोडणारं यंत्र) उडाली की सुई 15 ते 22 मिमी पुढं जाते, म्हणून सोनोग्राफीत अख्खी सुई दिसली पाहिजे आणि ती छातीच्या भिंतीला समांतर पाहिजे, नाहीतर फुफ्फुसाला धोका. आणि मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) नुसते कॅल्शियमचे बारीक ठिपके असतील तर ते सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतच नाहीत, तिथं स्टिरिओटॅक्टिक मशीन (एक्स-रेवर नेमकी जागा धरून सुई नेणारं) आणि व्हॅक्यूमची, म्हणजे तुकडा ओढून घेणारी, जाड सुई लागते, आणि ठिपके खरंच आलेत का ते बघायला तुकड्यांचा एक्स-रे काढायचाच.

आता बाटली, जिच्याकडं कुणी लक्षच देत नाही. तुकडे नातेवाइकाच्या हातात देतात आणि तो दसरा चौकातनं राजारामपुरीच्या लॅबला गाडीवरनं निघतो, आत सलाईन आहे का फॉर्मालिन (तुकडे टिकवायचं द्रावण) कुणी विचारत नाही! 10 टक्के बफर्ड फॉर्मालिनच पाहिजे, तेही तासाभराच्या आत, तुकडे पूर्ण बुडतील इतकं. त्यात 6 ते 72 तास राहिले तर हार्मोनची टेस्ट भरवशाची येते, म्हणून लेबलवर नावासोबत काढल्याची वेळ टाका आणि सॅम्पल 72 तासांच्या वर कपाटात ठेवून देऊ नका.

केमो आधी देणार असतील तर गाठीत क्लिप (खुणेचा बारीक धातूचा तुकडा) टाकली का विचारा, गाठ विरघळली तर सर्जनला जागा त्यावरनंच सापडते.

रिपोर्ट "साधी गाठ" आला म्हणून फाईल बंद करू नका. मॅमोग्राफीत बायरॅड्स 5 (म्हणजे कॅन्सरचीच दाट शंका) आणि रिपोर्टमध्ये काहीच नाही, हे जुळत नाही, सुई चुकलेली असू शकते. दोन्ही कागद घेऊन रेडिओलॉजिस्टकडं परत जा आणि बायोप्सी पुन्हा करायची का ते स्पष्ट विचारा.