टेस्ट पास, पण बिल चुकलं: कोडिंग एजंट वापरताना या चुका टाळा

समजा, बोरिवलीतल्या एका हाउसिंग सोसायटीसाठी मेन्टेनन्सची बिलं काढणारं छोटंसं ॲप आहे. थकबाकीवर व्याज लावायचं काम क्लॉड कोड, कोडेक्स किंवा कर्सरसारख्या एजंटला, म्हणजे सांगितलं की स्वतः कोड लिहिणाऱ्या एआयला, दिलं. 'थकबाकीवर वर्षाला २१ टक्के व्याज लाव' एवढं लिहून एंटर मारलं की थोड्याच वेळात कोड हजर, वर टेस्टही (कोडचं उत्तर बरोबर येतं का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) तयार आणि सगळ्या पास. दहा हजारांच्या थकबाकीवर वर्षाचं व्याज दाखवतो २,३१४ रुपये. यायला हवेत २,१००.

एजंटने दरमहा १.७५ टक्के काढून ते थकबाकीतच मिळवलं आणि पुढच्या महिन्यात त्यावर पुन्हा व्याज लावलं. सोसायटीला हवं होतं सरळव्याज, पण तसं कुणी लिहिलंच नव्हतं. टेस्टनी ही चूक पकडली नाही, कारण त्याही एजंटने स्वतःच्याच कोडवरून लिहिल्या होत्या. पेपर लिहिणारा तोच आणि तपासणाराही तोच.

म्हणून कोडच्या आधी उत्तरं हाताने काढा, जमल्यास खजिनदाराला शेजारी बसवून. एका महिन्याचे १७५, बारा महिन्यांचे २,१००. मग एक अडचणीचं उदाहरण घ्या: सहा महिन्यांनी सभासदाने ४,००० भरले. ते आधी मुद्दलातून वजा केले, तर वर्षाचं व्याज १,६८० होतं. आधी व्याजात धरले, तर १,७९०.२५. यातलं कोणतं बरोबर, हे कमिटीने सांगायचं. एजंटला सांगितलं नाही, तर तो मनाने एक पर्याय धरून मोकळा होतो आणि तसं सांगेलच याचा नेम नाही.

हे आकडे टेस्टमध्ये घाला, टेस्ट चालवा, त्या नापास होताहेत हे डोळ्यांनी बघा आणि गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट करा, म्हणजे नोंद पक्की करा. मग एजंटला सांगा, 'या टेस्ट पास कर, टेस्टच्या फाइलला हात लावू नकोस.' काम झाल्यावर टेस्टच्या फोल्डरवर गिट डिफ (काय बदललं ते दाखवणारी कमांड) चालवा. तिथे एकही ओळ बदललेली दिसता कामा नये. बाकीच्या डिफमध्ये तीन गोष्टी हुडकायच्या: स्किप केलेली टेस्ट, एरर गिळून गप्प बसणारा ट्राय-कॅच, आणि टाइपस्क्रिप्ट असेल तर नव्याने उगवलेला 'एनी' (कुठलाही डेटा चालवून घेणारा टाइप). अडलेला एजंट बऱ्याचदा यातली एखादी पळवाट काढतो.

परतीचं तिकीट आधी काढा

काम द्यायच्या आधी गिट स्टेटस स्वच्छ हवं (कमिट न केलेला बदल उरलेला नको) आणि ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, नवी हवी. 'सगळं पूर्ववत करतो' म्हणून गिट रिस्टोअर चालवलं, तरी एजंटने तयार केलेल्या नव्या फाइली तशाच राहतात, कारण गिट त्यांना अजून ओळखतच नाही. त्या काढायला गिट क्लीन लागतं. आधी '-एनडी' लावून नुसती यादी बघा, मग '-एफडी'. त्यात 'एक्स' मिसळू नका. गिट-इग्नोरमध्ये असलेल्या, म्हणजे गिटने नोंद ठेवू नये असं सांगितलेल्या फाइलीही उडतात, म्हणजे तुमची डॉट-ईएनव्ही (पासवर्ड, पत्ते वगैरे ठेवायची फाइल) गेली.

डॉट-ईएनव्हीवरून आठवलं. त्यात प्रॉडक्शन, म्हणजे खऱ्या वापरातल्या डेटाबेसचा पत्ता असेल, तर एजंटने चालवलेलं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारा कोड) थेट तिथे जाऊन लागू शकतं. लॅपटॉपवर फक्त लोकल डेटाबेस ठेवा. एजंट जी फाइल वाचतो तिचा मजकूर मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा सभासदांच्या फोन नंबरांची एक्सेल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नको. खोट्या नावांचे वीस फ्लॅट पुरतात.

टेस्ट आणि लिंट (कोडमधल्या ढोबळ चुका दाखवणारं साधन) न विचारता चालू द्या. पुश (कोड सर्व्हरवर पाठवणं), डिलीट आणि नवं पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) मात्र विचारूनच. दर वेळी परवानगी द्यायचा कंटाळा येतो हे खरं, पण सगळ्या परवानग्या उघड्या टाकायच्याच असतील तर कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी कॉम्प्युटरपासून अलग ठेवलेल्या जागेत, टाका. आणि विरार फास्टमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर डिफ अप्रूव्ह करू नका. तीनशे ओळींपेक्षा मोठा डिफ तर बसूनही नीट वाचला जात नाही. काम तोडून द्या.

नव्या पॅकेजचं नाव एनपीएम किंवा पायपीआयवर (पॅकेज जिथे ठेवलेली असतात त्या साइट) जाऊन बघायचं: पहिली आवृत्ती कधी आली, सोर्स कोड कुठे आहे. मॉडेल अस्तित्वात नसलेली नावं बेधडक सुचवतं आणि नेमक्या त्याच नावांनी घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोकही आहेत. नाव सापडलं म्हणजे पॅकेज भरवशाचं, असं नाही.

तीच एरर पुन्हा पुन्हा येतेय

आधी जुना डेव्ह सर्व्हर (लॅपटॉपवर ॲप चालवून बघायचा प्रोग्राम) चालू राहिलाय का बघा. बऱ्याचदा कोड नवा आणि चालणारी प्रोसेस जुनी, एवढंच निघतं. तसं नसेल तर एररची नुसती शेवटची ओळ न देता पूर्ण ट्रेस (एररपर्यंतच्या पायऱ्यांची यादी) द्या आणि सांगा, 'दुरुस्त करू नकोस, आधी ही चूक दाखवणारी एक टेस्ट लिही.' एकच गोष्ट दोनदा समजावून झाली की तिसऱ्यांदा समजावू नका. आधीचे फसलेले प्रयत्न त्याच संभाषणात पडून असतात आणि एजंट त्यांच्याच वाटेने परत जातो. नवं सेशन उघडा (क्लॉड कोडमध्ये '/क्लिअर') आणि काय कळलंय ते पाच ओळींत लिहा.

नेहमीचे नियम 'एजंट्स डॉट एमडी' किंवा 'क्लॉड डॉट एमडी' फाइलमध्ये ठेवा, पण पानभराच्या आत. ती दर सेशनला वाचली जाते आणि लांबली की महत्त्वाची ओळ हरवते. 'स्वच्छ कोड लिही' हे तिथे वाया. कामाच्या ओळी अशा: एकच टेस्ट चालवायची नेमकी कमांड, रक्कम रुपयांत नव्हे तर पैशांत, पूर्णांकातच साठवायची, थकबाकीवर सरळव्याज, बिलाची तारीख भारतीय वेळेप्रमाणे. शेवटची ओळ राहिली आणि सर्व्हर यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची वेळ) असला, तर १ ऑगस्टला रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान निघालेल्या बिलावर ३१ जुलै छापलं जातं, आणि ते बिल मागच्या महिन्यात जमा होतं.