मराठी माध्यमातून आलेल्या बी.कॉम.च्या वर्गाला शिकवताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडची मुलं घरी मराठी बोलतात, कंडक्टरशी कन्नड आणि पेपर इंग्रजीत लिहितात. तास याच हिशेबाने बसवावा लागतो.

पहिल्या आठवड्यात चिठ्ठीवर लिहून घ्या: दहावीचं माध्यम, गाव, बसची वेळ, मोबाईल स्वतःचा की घरातला, कॉलेजनंतर कुठे काम. माध्यम विचारून हात वर करायला लावू नका. पोरं लाजून खोटं सांगतात.

तास 55 मिनिटांचा धरा. पहिली 10 मिनिटं शब्दांना. फळ्याच्या डावीकडे पाचच संज्ञा. जसं डेप्रिसिएशन (वापराने वस्तूची घटणारी किंमत), शेजारी मराठी घसारा, त्याशेजारी कन्नड सवकळी. कन्नड शब्द वर्गातल्या कन्नड मुलांकडूनच घ्या. पुढची 20 मिनिटं उदाहरण: एक लाखाचा पॉवर टिलर, घसारा 10 टक्के. सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे मूळ किमतीवर, दरवर्षी 10,000. घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे उरलेल्या किमतीवर, दुसऱ्या वर्षी 9,000. दोन्हींतला फरक मुलांनाच काढू द्या. मग 15 मिनिटं प्रत्येकाने इंग्रजीत चार ओळी लिहायच्या, वही न बघता. उरलेल्या 10 मिनिटांत वह्या अदलाबदल करून तपासायच्या.

लिहिण्याची ही 15 मिनिटं कापली की सगळं फसतं. सबंध तास मराठीत घेतला तर माना डोलतात, पण पेपरात हात चालत नाही. शिवाय कन्नड माध्यमाची मुलं बाजूला पडतात, आणि आपल्या भागात त्याचा भलताच वाद व्हायला वेळ लागत नाही. उलट नोट्स उतरवून दिल्या तर पाठांतर होतं. प्रश्न जरा फिरवून आला की संपलं.

पहिल्या तासाला अवघड भाग ठेवू नका. एक बस चुकली की जांबोटीकडची मुलं तासभर उशिरा येतात. रोप लावणीच्या दिवसांत खानापूर भागात हजेरी घटणारच, तेव्हा उजळणी घ्या. हजेरी कमी पडतेय हे दर महिन्याला सांगा. सेमिस्टर संपताना सांगून उपयोग नाही.

घरचा निबंध आता मोबाईलच लिहून देतो. त्याचे गुण कमी करून तीन मिनिटांची तोंडी ठेवा, हव्या त्या भाषेत.

मेंटर म्हणून एका प्राध्यापकाकडे 25 पेक्षा जास्त मुलं नकोत. स्कॉलरशिपचा फॉर्म भरण्याआधी आधार, मार्कशीट आणि बँकेतल्या नावाचं स्पेलिंग समोर ठेवून जुळवा. ‘पाटील’ एकीकडे एका ‘आय’ने, दुसरीकडे दोन ‘ई’नी असतं. जात-उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नाडकचेरीत (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) शेवटच्या आठवड्यात गर्दी होते, म्हणून अर्ज आधीच करायला लावा.