लिनक्सवर युजर आयडी कसे वाटावेत: तीन कॉम्प्युटर, एक वही

2014 साली सरकारी पाट्यांवर बेळगावचं बेळगावी झालं, पण पाकिटावरचा पिन 590001 तोच राहिला. लिनक्सही नावापेक्षा नंबर मानतं. फाइल कुणाची, हे ते नावाने लिहून ठेवत नाही. फाइलसोबत युजर आयडी आणि ग्रुप आयडी असे दोन आकडे असतात. स्क्रीनवर दिसणारं नाव त्या त्या मशीनच्या यादीतून शोधून दाखवलेलं असतं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये याचाच घोळ झाला. तीन कॉम्प्युटर, ड्रॉइंगचं फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटून वापरायची सोय) शेअर केलेलं. एका मशीनवर मारुतीचं खातं आधी उघडलं म्हणून तो 1001 आणि परशराम 1002. दुसऱ्यावर नेमकं उलटं. मारुतीने सकाळी केलेलं ड्रॉइंग दुपारी दुसऱ्या मशीनवर परशरामच्या नावावर! मारुतीला स्वतःचंच काम सेव्ह होईना. दोघांचं बोलणं बंद व्हायचंच काय ते बाकी होतं. साध्या सेटिंगमध्ये एनएफएस समोरून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतं, नाव विचारत नाही.

तेव्हा आधी प्रत्येक मशीनवर 'आयडी मारुती' अशी कमांड देऊन आकडे उतरवून घ्या. पूर्ण यादी 'इटीसी' फोल्डरमधल्या 'पासवड' फाइलमध्ये असते (पासवर्डमधला ओ आणि आर गाळलेला). त्यात 0 म्हणजे रूट, मशीनवर सगळे अधिकार असलेलं खातं. साधारण 999 पर्यंतचे आकडे सिस्टिमचे, त्यांना हात लावू नका. माणसांचे 1000 पासून. जुन्या रेड हॅट लिनक्सवर 500 पासून असत. 65534 हा 'नोबडी'चा, म्हणजे कुणाचंच नसलेल्या खात्याचा.

मग वही करा. माणसांना 2001 पासून, ग्रुपना 3001 पासून आकडे द्या. आधी ग्रुप: 'ग्रुपअ‍ॅड -जी 3001 ड्रॉइंग'. मग माणूस: 'युजरअ‍ॅड -एम -यू 2001 -जी 3001 मारुती'. कमांड इंग्रजीत टाइप करायच्या, सगळी अक्षरं लहान लिपीतली. '-यू' कधी गाळू नका. गाळलंत तर युजरअ‍ॅड त्या मशीनवरच्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पुढचा आकडा देऊन मोकळं होतं, वहीत तो कुणाचा का असेना.

खरी कटकट जुनी खाती बदलताना. बॅकअप घ्या, माणसाला लॉगआउट करायला लावा, मग 'युजरमॉड -यू 2001 मारुती'. त्याच्या होम फोल्डरमधल्या फाइल आपोआप बदलतात, बाहेरच्या नाहीत. त्यांच्यासाठी रूट होऊन, फाइल ज्या मशीनच्या डिस्कवर आहेत तिथेच: 'फाइंड / -एक्सडेव्ह -यूआयडी 1001 -एक्झेक चाऊन -एच 2001 {} +' (एक्सडेव्ह म्हणजे xdev, एक्झेक म्हणजे exec, चाऊन म्हणजे chown). '-एक्सडेव्ह'मुळे शोध एकाच पार्टिशनवर (डिस्कच्या एकाच भागावर) राहतो, म्हणून दुसरं पार्टिशन असेल तर तिथे पुन्हा चालवा. आमच्यासारखी अदलाबदल असेल तर सावध. शेअर केलेल्या फोल्डरमधल्या 1001 च्या फाइल खरोखर मारुतीच्याच का, हे आधी दोघांना समोर बसवून ठरवा. आम्ही चहाच्या दोन फेऱ्या घेतल्या. 'ग्रुपमॉड'ने ग्रुपचा आकडा बदललात तर फाइलींचा ग्रुप मात्र सगळा हातानेच बदलावा लागतो.

शेवटी 'एलएस -एलएन' चालवून पाहा. त्यात नावांऐवजी आकडे दिसतात, तिन्ही मशीनवर तेच यायला हवेत.

कुणी काम सोडून गेलं तर खातं लॉक करा, पण आकडा दुसऱ्याला देऊ नका. नाहीतर जुन्या फाइल नव्या पोराच्या होतात. आमच्या वहीत 2004 समोर नुसती लाल रेघ आहे.