टेलिकॉमचा डेटा एकत्र आणताना: नागपुरातल्या नवख्या अ‍ॅनालिस्टसाठी

मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये टेलिकॉमच्या प्रोजेक्टवर रुजू झालात, तर पॉवर बीआयमध्ये (डेटावरून रिपोर्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) चार्ट काढणं हे शेवटचं आणि सोपं काम असेल. बिलिंग, रिचार्ज, तक्रारी आणि नेटवर्क या चार सिस्टिममध्ये एकच ग्राहक चार वेगवेगळ्या ओळखींनी बसलेला असतो. त्याला एक करायचं, खरी मेहनत तिथे आहे.

मोबाइल नंबरलाच ग्राहकाची ओळख मानू नका. बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. नुसत्या नंबरवर जोडणी केली की जुन्या ग्राहकाची थकबाकी नव्या माणसाच्या नावावर चढते. त्यासाठी एक जोडतक्ता करा: ग्राहक क्रमांक, नंबर, कधीपासून, कधीपर्यंत. कॉलची प्रत्येक नोंद तिच्या तारखेनुसार या तक्त्यातून न्या. त्याआधी नंबर एकसारखे करून घ्या. कुठे 10 अंकी असतात, कुठे सुरुवातीला 91 लागलेलं, कुठे 0. आपल्या ग्राहकांच्या नंबरचे शेवटचे 10 अंक ठेवा आणि कॉलम टेक्स्टच राहू द्या.

सिमवरचा क्रमांक साधारण 19-20 अंकी. फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडून सेव्ह केली की 15व्या अंकापुढे शून्यं बसतात, आणि मूळ अंक त्या फाइलमधून पुन्हा मिळत नाहीत. कच्ची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) थेट पॉवर क्वेरीत, म्हणजे पॉवर बीआयच्या डेटा आणण्या-साफ करण्याच्या भागात, घ्या. तिथेही आपोआप लागणारी 'चेंज्ड टाइप' ही पायरी आधी तपासा. ती अशा कॉलमला आकडा समजते.

रिचार्जचा तक्ता थेट तक्रारींच्या तक्त्याला जोडला तर काय होतं ते पाहा. एका ग्राहकाचे 199 रुपयांचे 3 रिचार्ज, म्हणजे 597 रुपये. त्याच्या 2 तक्रारी. जोडल्यावर ओळी होतात 6 आणि बेरीज 1194. मग कुणीतरी 'डिस्टिंक्ट' (सारख्या ओळींतली एकच ठेवणारी आज्ञा) लावतं आणि एकाच दिवशी केलेले दोन खरे रिचार्जही एक होऊन जातात. हा इलाज दुखण्यापेक्षा वाईट, कारण चूक दिसेनाशी होते. दोन्ही तक्ते वेगळे ठेवा, मध्ये ग्राहकांचा तक्ता ठेवा आणि त्याच्यापासून दोघांकडे एकास-अनेक नातं जोडा, म्हणजे तिथे ग्राहकाची एकच ओळ आणि इकडे त्याच्या अनेक ओळी.

वेळेकडेही लक्ष हवं. काही सिस्टिम यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, लिहितात, आपली वेळ 5 तास 30 मिनिटं पुढे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे कॉल आदल्या दिवसात पडतात; 1 तारखेला तर थेट मागच्या महिन्यात. रोमिंगच्या नोंदी उशिरा येतात, म्हणून रोजच्या लोडमध्ये फक्त कालचा दिवस न घेता मागचे काही दिवस पुन्हा भरा.

नागपूर टेलिकॉमच्या 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये, म्हणजे सेवाक्षेत्रात, येतं. या सर्कलमध्ये गोवा आहे, मुंबई नाही. मुंबईचं सर्कल वेगळं. बिलिंगवाले राज्य धरतात आणि नेटवर्कवाले सर्कल, त्यामुळे दोघांचे आकडे बरोबर असूनही जुळत नाहीत. पत्त्यांचंही तसंच: सीताबर्डी, बर्डी, सीताबुलडी. नावावर भिस्त न ठेवता पिनकोड घ्या, मात्र 440 एवढ्यावर थांबू नका. हिंगणा, कामठी 441 मध्ये आहेत.

'चालू ग्राहक' कुणाला म्हणायचं, हे प्रत्येक विभागाकडून लेखी घ्या. कुणी रिचार्ज धरतं, कुणी नेटवर्कवर दिसलेलं सिम. दोन्ही ठेवा, पण नावं वेगळी द्या.

सरावासाठी पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत आहे, फक्त विंडोज लागतं. 500 काल्पनिक ग्राहकांच्या तीन सीएसव्ही बनवा आणि एक नंबर मुद्दाम दोन ग्राहकांना वेगवेगळ्या तारखांना द्या. प्रत्येक जोडणीच्या आधी आणि नंतर ओळींची संख्या व रुपयांची बेरीज वहीत लिहा. पहिल्या ग्राहकाचा रिचार्ज दुसऱ्याच्या खात्यात दिसला, तर चार्ट बाजूला ठेवा आणि आधी जोडतक्त्याच्या तारखा उघडा.